आफ्रिकी जॅझच्या तबकड्या जमवायला सुरुवात करताना

आफ्रिकी जॅझच्या तबकड्या जमवू पाहणाऱ्या नवख्या माणसाची पहिली फसगत बहुधा नावातच होते. जुन्या रेकॉर्डच्या कोणत्याही मोठ्या यादीत ‘आफ्रिकन जॅझ’ हे दोन शब्द शोधले, की पुढ्यात काँगोच्या तबकड्या येऊन पडतात. कारण ‘आफ्रिकन जॅझ’ हे जोसेफ काबासेले ऊर्फ ग्रां काले यांच्या लेओपोल्डव्हिल, म्हणजे आजच्या किन्शासा शहरातील वाद्यवृंदाचे नाव होते. त्याच शहरात १९५६ साली फ्रांको यांचा ‘ओके जॅझ’ उभा राहिला. गिनीत ‘बेम्बेया जॅझ’, टांझानियात ‘मोरोगोरो जॅझ’, केनियात ‘शिराटी जॅझ’ अशी नावे पुढे गाजली. या भागांत ‘जॅझ’ म्हणजे गिटार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट अशी नवी वाद्ये वाजवणारा आधुनिक वाद्यवृंद, एवढाच अर्थ लोकांच्या मनात होता. या वृंदांचे संगीत प्रामुख्याने क्यूबन रुंब्यावर किंवा स्थानिक गिटारवादनावर पोसलेले नृत्यसंगीत आहे आणि ते फार सुंदर आहे. परंतु पियानो, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या आधारे एखादी धून घेऊन तिचा मनसोक्त विस्तार करणारे वादन आपल्याला हवे असेल, तर या तबकड्या घरी आल्यावर निराशा पदरी पडते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्याला यांपैकी नेमके काय हवे आहे ते ठरवावे. या लेखात दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे विस्तार करून वाजवल्या जाणाऱ्या जॅझचाच विचार केला आहे.

एका देशापासून सुरुवात

‘आफ्रिका’ हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही, इतका तो खंड मोठा आहे. माझे स्पष्ट मत असे, की पहिली दोन वर्षे एकच देश धरावा आणि तो दक्षिण आफ्रिका असावा. तिथे जॅझची परंपरा सलग आणि जुनी आहे. जोहान्सबर्गच्या झोपडवस्त्यांतील गुत्त्यांत १९२० आणि १९३० च्या दशकांत पियानोवर वाजणारी मराबी, पन्नाशीच्या दशकातील पत्र्याच्या बासरीचा क्वेला, सोफियाटाऊनमधील स्विंग वाद्यवृंद आणि त्यांतून घडलेले आधुनिक जॅझ असा तिचा प्रवास आहे. शिवाय तिथे रेकॉर्ड कंपन्या होत्या. एरिक गॅलो यांचा व्यवसाय १९२६ मध्येच सुरू झाला होता. त्यामुळे ध्वनिमुद्रणे पुष्कळ झाली, त्यांची माहिती उपलब्ध आहे आणि नव्याने छापलेल्या चांगल्या तबकड्या आजही मिळतात.

पहिली तबकडी कोणती घ्यावी, याचे माझे उत्तर ठरलेले आहे: ‘मानेनबर्ग – इज व्हेअर इट्स हॅपनिंग’. पियानोवादक डॉलर ब्रँड यांनी ती जून १९७४ मध्ये केपटाऊनला ध्वनिमुद्रित केली. तिची पहिली बाजू म्हणजे तेरा मिनिटांहून मोठी एकच रचना आहे. मराबीची तीच ती फिरत राहणारी स्वरसंगती, जणू लेहरा धरावा तशी, खाली संथपणे चालू राहते आणि तिच्यावर बेसिल कुट्झी यांचा टेनर सॅक्सोफोन बोलू लागतो. पियानोचा आवाज मात्र नेहमीसारखा गोल आणि मऊ लागत नाही. तो किंचित पत्र्यासारखा, खणखणीत वाजतो, कारण स्टुडिओतील उभ्या पियानोच्या हातोड्यांना टाचण्या लावलेल्या होत्या. जुन्या गुत्त्यांतील झिजलेल्या पियानोची आठवण त्या आवाजात आहे. केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला आणि तिथली माणसे उठवून शहराबाहेरच्या ओसाड वस्त्यांत नेऊन टाकली गेली. मानेनबर्ग ही त्यांपैकीच एक वस्ती. पुढे ऐंशीच्या दशकात वर्णभेदाविरुद्धच्या सभांमध्ये ही धून लोकांच्या तोंडी होती. हे ठाऊक असले, की त्या शांत चालीखालचे दुःख आपोआप ऐकू येते.

ही तबकडी बाजारात आणणारे गृहस्थ भारतीय वंशाचे होते. जोहान्सबर्गमधील ‘कोहिनूर’ या रेकॉर्डच्या दुकानाचे मालक रशीद वल्ली यांनी ‘अस-शम्स’ म्हणजे ‘सूर्य’ या आपल्या लेबलवर, म्हणजे आपल्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली, ती काढली आणि दुकानाबाहेरच्या कर्ण्यावरून रस्त्यावरच्या माणसांना ऐकवली. अस-शम्सच्या १९७० च्या दशकातील तबकड्या हा नव्या संग्राहकासाठी उत्तम पाया आहे.

याच एका तबकडीवर शोध घेण्याची बाराखडीही शिकता येते. एक, डॉलर ब्रँड आणि अब्दुल्ला इब्राहिम ही एकाच माणसाची नावे आहेत. त्यांनी १९६८ मध्ये इस्लाम स्वीकारला. परंतु पुढची काही वर्षे तबकड्यांवर जुनेच नाव छापले जात राहिले. दोन, वस्तीच्या नावात (Manenberg) पहिल्या ‘ए’नंतर इंग्रजी ‘एन’ हे अक्षर एकदाच येते, तबकडीच्या नावात (Mannenberg) मात्र ते तिथे दोनदा छापलेले आहे. शोधताना दोन्ही रूपे टाकावीत. तीन, हेच ध्वनिमुद्रण अमेरिकेत कियारोस्कुरो या कंपनीने ‘केपटाऊन फ्रिंज’ या नावाने काढले होते. म्हणजे वेगळे नाव पाहून तीच तबकडी दुसऱ्यांदा विकत घेण्याची चूक घडू शकते. उलट, दक्षिण आफ्रिकेची मूळ प्रत आवाक्याबाहेर असल्यास ही अमेरिकी प्रत हा चांगला पर्याय ठरतो.

मागच्या कव्हरवरची नावे

पुढची तबकडी निवडण्याची माझी रीत साधी आहे. हातातल्या तबकडीचे मागचे कव्हर वाचावे, वादकांची नावे लिहून घ्यावीत आणि ज्याचे वादन मनात घर करून राहिले असेल, त्याच्या नावामागे जावे. दुर्मीळ तबकड्यांच्या तयार याद्या पाहून खरेदी करणाऱ्याकडे महाग वस्तू जमतात. नावांमागे जाणाऱ्याकडे एकमेकांशी बोलणाऱ्या तबकड्या जमतात.

डॉलर ब्रँड यांच्या नावामागे गेलो, की आपण जानेवारी १९६० मध्ये येऊन पोहोचतो. ‘जॅझ एपिसल्स’ या वृंदाची ‘जॅझ एपिसल, व्हर्स वन’ ही तबकडी तेव्हाची. पियानोवर डॉलर ब्रँड, ट्रम्पेटवर ह्यू मासेकेला, ट्रॉम्बोनवर जोनास ग्वांग्वा आणि अल्टो सॅक्सोफोनवर किपी मोकेत्सी. कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी वादकांच्या आधुनिक जॅझची ही पहिली एल.पी., म्हणजे मोठी, जास्त वेळ वाजणारी तबकडी, मानली जाते आणि तिच्या पाचशेच प्रती निघाल्या असे सांगितले जाते. मूळ प्रतीचा नाद म्हणूनच सोडून द्यावा आणि नंतरची छपाई घ्यावी. त्याच वर्षी २१ मार्चला शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, बंधने आवळली गेली आणि मासेकेला, ग्वांग्वा, ब्रँड हे सारे हळूहळू देशाबाहेर पडले. मोकेत्सी मायदेशी राहिले. किपी यांच्या आडनावाची इंग्रजी वर्णजुळणी दोन प्रकारे आढळते, तीही दोन्ही प्रकारे शोधावी.

मोकेत्सी यांच्या नावामागे गेलो, की १९६३ ची ‘जॅझ: दि आफ्रिकन साऊंड’ भेटते. गोरे पियानोवादक ख्रिस मॅक्ग्रेगर यांनी एकत्र आणलेल्या मोठ्या वाद्यवृंदाची ही तबकडी आहे. तिच्यात मोकेत्सींच्या शेजारी अल्टो वाजवणारे डुडू पुक्वाना ऐकू येतात. त्या दोघांचा सूर वेगळा ओळखता येऊ लागला, की आपला कान तयार होऊ लागला असे समजावे. मॅक्ग्रेगर आणि पुक्वाना यांच्यामागे जावे, तर ‘ब्लू नोट्स’ हा वृंद सापडतो. गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एका मंचावर बसणे जिथे जवळपास अशक्य करून ठेवले होते, त्या देशातून हा वृंद १९६४ मध्ये फ्रान्समधील अँटिब येथील महोत्सवासाठी निघाला आणि बाहेरच राहिला. लंडनमध्ये मॅक्ग्रेगर यांनी ‘ब्रदरहूड ऑफ ब्रेथ’ हा मोठा वाद्यवृंद उभा केला. डिसेंबर १९७५ मध्ये ‘ब्लू नोट्स’चा तरुण ट्रम्पेटवादक मोंगेझी फेझा वारला. त्याच्या स्मरणार्थ जमलेले उरलेले मित्र त्याच महिन्यात स्टुडिओत गेले आणि काहीही न ठरवता वाजवत राहिले. दक्षिण आफ्रिकी बासवादक हॅरी मिलर आणि हेझेल मिलर यांच्या लंडनमधील ‘ओगन’ या लेबलने ते वादन ‘ब्लू नोट्स फॉर मोंगेझी’ या नावाने काढले. ही तबकडी पहिल्या वर्षी घेऊ नये. आधी या माणसांशी ओळख व्हावी, मगच ती ऐकावी.

या साखळीबाहेरची, पण कोणत्याही संग्रहात असावीच अशी एक तबकडी म्हणजे १९६८ ची ‘याखाल इंकोमो’. नावाचा अर्थ गुराचे हंबरणे. टेनर सॅक्सोफोनवादक विन्स्टन मन्कुन्कु न्गोझी यांनी त्या हंबरण्यात आपल्या लोकांची वेदना भरली आहे. पियानोवर भारतीय वंशाचे लायोनेल पिल्ले आहेत. तबकडीत अवघ्या चार रचना आहेत आणि त्यांतली दुसरी कोल्ट्रेन आणि शॉर्टर या दोन अमेरिकी सॅक्सोफोनवादकांना अर्पण केलेली आहे.

इथिओपिया आणि कैरो

दुसरा टप्पा इथिओपियाचा. व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य), कळफलक आणि तालवाद्ये वाजवणारे मुलातू अस्तात्के १९४३ मध्ये जिम्मा येथे जन्मले, ब्रिटनमध्ये आणि नंतर अमेरिकेतील बॉस्टनला शिकले आणि त्यांनी इथिओपियाच्या पाच स्वरांच्या चौकटी जॅझमध्ये आणल्या. मराठी श्रोत्याला हे संगीत पहिल्याच वेळी ओळखीचे वाटते, त्याला कारण आहे. ‘तिझिता’ या चौकटीच्या एका रूपात षड्ज, शुद्ध रिषभ, शुद्ध गंधार, पंचम आणि शुद्ध धैवत हेच स्वर येतात, म्हणजे आपल्या भूपाचे. चलन अर्थातच निराळे आहे, आणि त्या निराळेपणातच या संगीताची गोडी आहे. १९७२ ची ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ ही तबकडी लंडनच्या स्ट्रट या लेबलने २०१७ मध्ये पुन्हा काढली. सुरुवात तिच्यापासून करावी.

आदिस अबाबातील मूळ छपाईचा काळ फार आखूड आहे. रेकॉर्डची आयात आणि निर्मिती यांची मक्तेदारी सम्राटाच्या फर्मानाने एका राष्ट्रीय संस्थेकडे होती. तरुण आम्हा एशेते यांनी ती झुगारून १९६९ मध्ये ‘आम्हा रेकॉर्ड्स’ सुरू केले आणि सुरुवातीच्या तबकड्या तर भारतातून छापून घेतल्या. १९७४ मध्ये हाइले सेलासी यांची सत्ता उलथली, लष्करी राजवट आली, संचारबंदीने रात्रीचे क्लब बंद पाडले आणि काही वर्षांत तबकडीची जागा कॅसेटने घेतली. त्या काळातले बहुतेक संगीत ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्यांवर आहे, आणि त्या घरोघरी वाजून वाजून झिजल्या आहेत. म्हणून मूळ प्रतींऐवजी फ्रान्सिस फाल्सेतो यांनी १९९७ पासून पॅरिसच्या बुदा म्युझिककडून काढलेली ‘एथिओपिक्स’ ही मालिका आधी ऐकावी. तिचा चौथा भाग मुलातू यांचा आहे.

इजिप्तसाठी एकच नाव पुरेसे आहे: सालाह रगब. लष्करातील या अधिकाऱ्याने १९६८ मध्ये लष्करी बँडच्या वादकांतून ‘कैरो जॅझ बँड’ उभा केला. त्यांचे वादन आर्ट यार्ड या लेबलने ‘इजिप्शियन जॅझ’ या नावाने पुन्हा उपलब्ध करून दिले आहे.

मूळ प्रत की नवी छपाई

मूळ प्रतीचे आकर्षण मला समजते; पण नव्या संग्राहकाने ते बाजूला ठेवावे. दक्षिण आफ्रिकेच्या मूळ प्रती मोठ्या लिलावांत जातात आणि त्या पैशातले काहीही वादकाच्या घरी पोहोचत नाही. उलट, नीट परवानगी घेऊन काढलेल्या नव्या छपाईत वादक किंवा त्याचे वारस यांना वाटा मिळण्याची शक्यता असते, मूळ फितीवरून काळजीपूर्वक तयार केलेला आवाज मिळतो आणि सोबतच्या पत्रकात इतिहास मिळतो. लंडन आणि डरबन येथील दोन संग्राहकांनी चालवलेले ‘मात्सुली म्युझिक’ हे या बाबतीत आदर्श आहे. बात्सुमी या सोवेटोच्या वृंदाची १९७४ ची तबकडी आणि ड्रमवादक डिक खोझा यांची १९७६ ची ‘चापिटा’ आज आपल्याला ऐकता येते ती त्यांच्यामुळे.

चोरून छापलेल्या प्रतीही बाजारात आहेत, विशेषतः इथिओपियाच्या. त्या ओळखण्यासाठी कव्हरवर हक्कधारकाचे नाव आणि छपाईचे वर्ष आहे का ते पाहावे. वादकांची नावे गाळलेली असणे, छायाचित्र फुटलेले असणे आणि कंपनीचे नाव कुठेही न ऐकलेले असणे ही सारी धोक्याची लक्षणे. अशी तबकडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

यंत्र आणि पिन

या विषयावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पेटीच्या आकाराचे, आतच स्पीकर असलेले स्वस्त रेकॉर्ड प्लेअर टाळावेत. त्यांच्या पिनेचा दाब बहुधा पाच ग्रॅमच्या आसपास असतो आणि खाचा लवकर झिजतात. दाब मोजून लावता येईल असा टर्नटेबल घ्यावा, कार्ट्रिज, म्हणजे पिन बसवलेला भाग, बनवणाऱ्याने सांगितलेला, साधारण दीड ते अडीच ग्रॅमचा दाब ठेवावा आणि यंत्र अगदी सपाट जागी ठेवावे. क्वेला किंवा जुन्या स्विंगच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घ्यायच्या असल्यास त्यांच्यासाठी वेगळी, जाड टोकाची पिन लागते, एल.पी.ची बारीक पिन त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. त्या तबकड्या लाखेच्या असतात, आणि जगाला लागणारी लाख त्या काळी मुख्यतः भारतातून जात असे. जोहान्सबर्गच्या सोफियाटाऊनमध्ये वाजलेल्या तबकडीत छोटा नागपूरच्या झाडांवरची लाख असू शकते, हा विचार मला प्रत्येक वेळी थांबवतो.

खरेदी करताना

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, हिंदी चित्रपटगीते आणि पाश्चात्त्य पॉप भरपूर मिळते. आफ्रिकी जॅझच्या आशेने मात्र तिथे जाऊ नये. तरीही तिथे चार रविवार घालवावेत असे मी सुचवीन, कारण तबकडी तपासायचा हात तिथे बसतो. तबकडी कडेने आणि मधल्या लेबलला धरावी, उजेडात तिरपी करावी आणि हळूहळू फिरवावी. केसासारख्या पुसट रेघा बहुतेक वेळा वाजत नाहीत. नखाला अडकणारा ओरखडा मात्र दर फेरीला टक् असा वाजणारच. खाचांची चमक जाऊन त्या राखाडी दिसत असतील, तर तबकडी जड पिनेने झिजलेली आहे. मग ती धुतली तरी खरखर जाणार नाही. शेवटी तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून ती वाकलेली नाही ना, ते पाहावे.

हे डोळे तयार झाले, की परदेशातून मागवण्यास हरकत नाही. तिथे दर्जाची भाषा ठरलेली आहे: ‘मिंट’ (कोरी), ‘निअर मिंट’, ‘व्हीजी प्लस’, ‘व्हीजी’ (‘व्हेरी गुड’), ‘गुड’. यांतील ‘गुड’ म्हणजे प्रत्यक्षात खराब, हे पक्के लक्षात ठेवावे. दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या तबकड्या लग्नसमारंभांत आणि घरगुती मेजवान्यांत मनमुराद वाजलेल्या असतात. त्यामुळे ‘व्हीजी प्लस’ मिळाली तरी समाधान मानावे. एकदा ‘निअर मिंट’ म्हणून पाठवलेली तबकडी मी उघडली, तेव्हा तिच्या दुसऱ्या बाजूवर बोटभर रुंदीचा बुरशीचा पट्टा होता. विक्रेत्याने एकाच बाजूचे छायाचित्र पाठवले होते, आणि मीही दुसऱ्या बाजूचे मागितले नव्हते. तेव्हापासून मी दोन्ही बाजू, दोन्ही लेबले, कव्हरची शिवण आणि शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंतच्या मोकळ्या पट्टीत कोरलेले आकडे, या सगळ्यांची छायाचित्रे मागवल्याशिवाय पैसे पाठवत नाही. त्या कोरलेल्या आकड्यांवरून छपाई कोणत्या वेळची, ते ठरवता येते. कव्हर बदलता येते, आकडे बदलता येत नाहीत. विक्रेत्याला तबकडी कव्हरबाहेर काढून, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवायला सांगावे, म्हणजे धक्क्याने कव्हरची शिवण फाटत नाही. टपालखर्च आणि सीमाशुल्क आधीच हिशेबात धरावे. एकाच विक्रेत्याकडून तीन-चार तबकड्या एकत्र मागवल्यास तो खर्च विभागला जातो.

पावसाळा

कोकणपट्टीत आणि मुंबईत तबकड्यांचा खरा शत्रू दमट हवा आहे. आतला कागदी लिफाफा ओल धरून ठेवतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. म्हणून तबकडी घरी आली, की तो काढून आतून पातळ पॉलिथिन असलेला नवा लिफाफा घालावा. जुना कागद फेकू नये, कव्हरमागे वेगळा ठेवावा. मऊ, चिकट वास येणारी प्लॅस्टिकची बाहेरची पिशवीही काढून टाकावी. ती वर्षानुवर्षे चिकटून राहिली तर तबकडीवर ढगाळ डाग पडतात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीला लावून नव्हे तर हाताएवढे अंतर सोडून. गणपतीनंतर ऊन पडू लागले, की प्रत्येक तबकडी एकदा बाहेर काढून पाहावी. कडक उन्हात मात्र ती क्षणभरही ठेवू नये.

धुण्यासाठी नळाचे पाणी वापरू नये, त्यातील क्षार खाचांत बसतात. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब घालावेत, लेबल कोरडे ठेवून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसावे आणि सावलीत उभी वाळवावी. बुरशी चिवट असल्यास या पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, पण ते फक्त व्हिनाइलसाठी, म्हणजे प्लॅस्टिकच्या एल.पी. आणि तशा तबकड्यांसाठी. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये. लाख त्यात विरघळते.

वही

पहिल्या तबकडीपासूनच एक वही ठेवावी. तबकडीचे नाव, लेबल, क्रमांक, कोरलेले आकडे, छपाईचे वर्ष, कुठून आणि केवढ्याला घेतली, बुरशी किंवा ओरखडा असल्यास नेमका कुठे, हे सारे लिहावे. त्याखाली सर्व वादकांची नावे वाद्यांसह उतरून घ्यावीत आणि प्रत्येकापुढे थोडी जागा मोकळी ठेवावी. माझ्या वहीत ‘मानेनबर्ग’च्या पानावर सहा नावे आहेत: डॉलर ब्रँड, बेसिल कुट्झी, रॉबी जॅन्सन, मॉरिस गोल्डबर्ग, पॉल मायकल्स, मॉन्टी वेबर. पहिल्या नावापुढची जागा केव्हाच भरून गेली आहे. कुट्झी आणि जॅन्सन यांच्यापुढे दोन-दोन तबकड्यांची नोंद आहे. पॉल मायकल्स आणि मॉन्टी वेबर यांच्यापुढची जागा अजून कोरी आहे, आणि सध्या माझा शोध त्याच दोन नावांचा चालू आहे.